नाडी मंदावते, तेव्हा...

किशोरवयातील खाण्याच्या विकारांकडे अजूनही ‘डाएटचे फॅड’ म्हणून पाहिले जाते. हा आजार मनात सुरू होत असला तरी त्याचा घाला अनेकदा हृदयावर पडतो. त्याची पहिली खूण मनगटावर बोट ठेवूनही ओळखता येते. पण ती तपासण्याची सवय ना घरांना आहे, ना शाळांना, ना दवाखान्यांना.

मार्च २०२५ मध्ये केरळमधील एका १८ वर्षांच्या मुलीचा रुग्णालयात मृत्यू झाला. वजन वाढेल या धास्तीने तिने कित्येक महिने जेवण जवळजवळ सोडले होते, समाजमाध्यमांवरील आहारविषयक चित्रफिती पाहून ती आपला दिनक्रम ठरवीत होती आणि हे सारे घरच्यांपासून लपवीत होती, असे वृत्त त्या वेळी देशभरातील वृत्तपत्रांनी दिले. ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव अनेक वाचकांनी त्या दिवशी प्रथमच वाचले असेल. काही दिवस चर्चा झाली. समाजमाध्यमांना दोष देण्यात आला, पालकांच्या दुर्लक्षावर टीका झाली आणि मग विषय मागे पडला. जेवण सोडलेल्या तरुण मुलीचा जीव नेमका कशाने जातो, आणि ते आधी कळू शकते का, हा प्रश्न मात्र त्या गदारोळात फारसा कुणी विचारला नाही.

या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्राला बऱ्याच अंशी ठाऊक आहे. खाण्याच्या विकारांत होणारे मृत्यू प्रामुख्याने दोन वाटांनी येतात. एक वाट आत्महत्येची, दुसरी कुपोषणाने शरीर, आणि त्यातही हृदय, निकामी होण्याची. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, जगभरातील अनेक अभ्यासांची एकत्रित छाननी करणाऱ्या एका संशोधनानुसार अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णांमधील मृत्युदर त्याच वयाच्या इतरांच्या तुलनेत जवळपास सहापट आढळला आणि या मृत्यूंपैकी सुमारे एकपंचमांश आत्महत्या होत्या. मानसिक आजारांमध्ये इतका मोठा मृत्युदर असलेले आजार फार थोडे आहेत. तरीही आपल्याकडे ‘मुलगी जेवत नाही’ ही तक्रार नखऱ्याच्या किंवा हट्टाच्या सदरात जमा होते.

हृदयही उपाशी राहते

उपासमार झाली की शरीर आधी चरबी वापरते आणि नंतर स्नायू, हे सर्वांना माहीत असते. हृदय हाही एक स्नायूच आहे, हे मात्र सहसा लक्षात येत नाही. हातापायांच्या काड्या होत असताना हृदयही आकसत असते. त्याच्या डाव्या जवनिकेची भिंत पातळ होते, एका ठोक्याला बाहेर फेकल्या जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण घटते आणि रक्तदाब उतरतो. हृदयाचा आकार कमी झाला तरी त्यातील मायट्रल झडप तेवढीच राहते. परिणामी ती सैल पडून नीट मिटत नाही. काही रुग्णांत हृदयाभोवतीच्या आवरणात पाणीही साठलेले आढळते. बहुतेकदा त्याचा त्रास जाणवत नाही आणि वजन भरून आल्यावर ते आपोआप ओसरते.

याच काळात शरीर ऊर्जा वाचविण्यासाठी सर्व व्यवहार मंद करते. थायरॉइड संप्रेरकाची पातळी घटते, शरीराचे तापमान उतरते, हातपाय गार पडतात, पाळी थांबते आणि हृदयाच्या ठोक्यांना लगाम घालणाऱ्या व्हेगस नसेचा प्रभाव वाढतो. त्यामुळे नाडी मंदावते. जागेपणी शांत बसलेल्या मुलाची नाडी साधारणपणे मिनिटाला ६० ते १०० असते. तीव्र अ‍ॅनोरेक्सियात ती ४० किंवा त्याच्याही खाली जाऊ शकते, आणि रात्री झोपेत आणखी उतरते. गंभीर रुग्णांना रुग्णालयात ठेवून रात्रभर मॉनिटर लावला जातो, तो याचसाठी.

उपासमारीचा हा परिणाम मनाच्या आजाराशिवायही होतो, याचा पुरावा ऐंशी वर्षांपूर्वीच मिळाला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर अर्धपोटी राहण्याचा प्रयोग केला. युद्धग्रस्त युरोपातील भुकेल्या जनतेला पुन्हा अन्नावर कसे आणावे, हे समजून घेणे हा त्याचा हेतू होता. स्वतःहून पुढे आलेल्या या तरुणांचे वजन २४ आठवड्यांत सुमारे एकचतुर्थांशाने घटले. त्यांची विश्रांतीतील नाडी सरासरी ५५ वरून ३५ पर्यंत उतरली, त्यांची हृदये लहान झाली. एवढेच नव्हे, तर ते दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तके वाचू लागले, एकेक घास तासन् तास चघळू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. ज्यांच्या मनाची कसून तपासणी करून निवड केली होती, त्या तरुणांची ही अवस्था झाली. अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णात दिसणाऱ्या ‘विचित्र’ वागण्यातील बराचसा भाग उपासमारीचीच निष्पत्ती असतो, हा या प्रयोगाचा सर्वांत महत्त्वाचा धडा होय. मुलगी हट्टी आहे म्हणून उपाशी राहते, असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात उपाशी राहिल्यामुळे तिचा हट्ट घट्ट होत जातो.

खेळाडूचे हृदय की उपाशी हृदय?

मंद नाडीचा आणखी एक घोटाळा दवाखान्यातच होतो. उत्तम धावपटूंची नाडीही मंद असते. त्यामुळे व्यायामाचे वेड असलेल्या, दिसायला चपळ अशा मुलीची नाडी ४५ भरली तर ‘खेळाडू आहे, फिटनेस चांगला आहे’ असा दिलासा दिला जाऊ शकतो. परंतु या दोन नाड्यांत मूलभूत फरक आहे. खेळाडूचे हृदय सरावाने मोठे आणि बळकट झालेले असते, उपाशी माणसाचे हृदय लहान आणि दुबळे. उपाशी मुलगी नुसती उठून उभी राहिली किंवा चार पावले चालली तरी तिची नाडी झपाट्याने वर जाते, रक्तदाब खाली येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणूनच आडवे असताना आणि उभे राहिल्यावर अशी दोनदा नाडी व रक्तदाब पाहण्याचा आग्रह या क्षेत्रातील मार्गदर्शक सूचनांत धरलेला आहे. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. रक्तदाब मोजण्याचे साधे उपकरण, सेकंदकाटा असलेले घड्याळ आणि पाच मिनिटांचा वेळ पुरतो.

भारतीय संदर्भात या खुणेला आणखी एक महत्त्व आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, २०१९-२१ या काळात देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. फिकट, थकलेली, चक्कर येणारी मुलगी समोर आली की डॉक्टर लोहाच्या गोळ्या लिहून देतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असते. परंतु तीव्र रक्तक्षयात नाडी सहसा जलद होते. मुलगी फिकट व कृश आहे, थकलेली आहे, आणि नाडी मात्र मंद आहे, हे चित्र वेगळी शंका घेण्यास भाग पाडणारे आहे. ही शंका घेतली जात नाही, कारण नाडी मोजलीच जात नाही.

उलट्या, रेचके आणि पोटॅशियम

अ‍ॅनोरेक्सियात हृदय हळूहळू झिजते. बुलिमियामध्ये धोका अचानक समोर येतो. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये वर्णन केलेल्या या विकारात रुग्ण अनावर होऊन भरपूर खातो आणि नंतर अपराधी भावनेने ते शरीराबाहेर टाकण्याची धडपड करतो. कुणी उलट्या काढतो, कुणी रेचके घेतो, कुणी लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांचा आधार घेतो. अशा रुग्णाचे वजन बहुधा सर्वसाधारण असते. त्यामुळे घरात कुणाला संशय येत नाही.

सतत उलट्या आणि जुलाब झाले की शरीरातील पोटॅशियम घटते. हृदयाचा प्रत्येक ठोका विजेच्या सूक्ष्म प्रवाहावर चालतो आणि या प्रवाहाच्या नियमनात पोटॅशियम व मॅग्नेशियम यांचा वाटा मोठा असतो. त्यांची पातळी ढासळली की ईसीजीवर ‘क्यूटी’ नावाने ओळखले जाणारे अंतर लांबते आणि हृदयाची लय बिघडण्याचा, प्रसंगी ते एकाएकी थांबण्याचा धोका निर्माण होतो. क्यूटीचे हे लांबणे म्हणजे अ‍ॅनोरेक्सियाचाच थेट परिणाम, अशी समजूत पूर्वी होती. अलीकडील अभ्यासांनी ती दुरुस्त केली आहे. बहुतेक प्रकरणांत क्षारांचे असंतुलन किंवा सोबत घेतली जाणारी काही औषधे त्याच्या मुळाशी असतात. याचा व्यावहारिक अर्थ असा, की ईसीजीत क्यूटी लांबलेला दिसला तर ‘आजारच आहे तसा’ म्हणून सोडून न देता रक्ततपासणी करून कारण शोधले पाहिजे. आणि याच्या उलटही तितकेच खरे आहे. रक्ताचे सर्व अहवाल व्यवस्थित आले म्हणजे मुलगी सुरक्षित आहे, असे होत नाही. शरीर शेवटपर्यंत रक्तातील पातळी सावरून धरते.

उलटी काढण्याच्या औषधाने हृदयाचे काय होते, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकी गायिका कॅरेन कारपेंटर यांचे आहे. ‘द कारपेंटर्स’ या भावंडांच्या जोडीतील या गायिकेचा ४ फेब्रुवारी १९८३ रोजी वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी मृत्यू झाला. मृत्यूपूर्वीच्या काही महिन्यांत उपचारांनी त्यांचे वजन थोडे वाढलेही होते. शवचिकित्सेनंतरच्या निष्कर्षात अ‍ॅनोरेक्सिया आणि इपेकॅक या वांती आणणाऱ्या औषधातील एमेटिन या घटकामुळे हृदयावर झालेला विषारी परिणाम यांचा उल्लेख होता. विषबाधेवर घरगुती उपाय म्हणून हे औषध अमेरिकेत तोपर्यंत चिठ्ठीविना मिळत असे. त्याचा घरातील वापर बंद करावा, अशी शिफारस तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने केली ती २००३ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी. एका प्रसिद्ध व्यक्तीच्या मृत्यूने आजाराचे नाव घरोघरी पोहोचले, पण व्यवस्था मात्र सावकाशीने हलली. केरळच्या घटनेनंतरही असेच होऊ नये, एवढीच अपेक्षा.

सडपातळ नसलेलीही आजारी असू शकते

खाण्याच्या विकाराचा रुग्ण म्हणजे हाडांचा सापळा, ही प्रतिमा चित्रपटांनी आणि फॅशनविश्वातील बातम्यांनी रुजविली. २००६ च्या ऑगस्टमध्ये उरुग्वेची २२ वर्षांची मॉडेल लुइसेल रामोस हिचा माँटेव्हिडिओतील एका फॅशन शोदरम्यान हृदय बंद पडून मृत्यू झाला. पुढच्याच महिन्यात माद्रिदच्या फॅशन सप्ताहाने उंचीच्या मानाने फारच कमी वजन असलेल्या मॉडेल्सना मज्जाव केला. त्याच नोव्हेंबरमध्ये ब्राझीलची २१ वर्षांची आना कॅरोलिना रेस्टन आणि फेब्रुवारी २००७ मध्ये लुइसेलची १८ वर्षांची धाकटी बहीण एलियाना यांचेही मृत्यू झाले. पुढे इस्रायलने २०१२ मध्ये आणि फ्रान्सने २०१५ मध्ये मॉडेल्सच्या वजनाबाबत व आरोग्याबाबत कायदे केले. ते आवश्यकच होते. परंतु त्यातून एक चुकीचा समजही पक्का झाला, की हा रॅम्पवरच्या मुलींचा प्रश्न आहे आणि वजनाचा काटा म्हणजेच आजाराचे माप आहे.

गेल्या दशकातील संशोधनाने या समजाला धक्का दिला. मुळात स्थूल असलेल्या मुलाने सहा महिन्यांत झपाट्याने वजन उतरविले, तर काट्यावर तो ‘नॉर्मल’ दिसतो. घरचे, शेजारी, शिक्षक त्याचे कौतुक करतात. प्रत्यक्षात त्याचे शरीर उपासमारीच्या अवस्थेत असू शकते. ऑस्ट्रेलिया व अमेरिकेतील किशोरवयीन रुग्णांच्या अभ्यासांत, सर्वसाधारण वजन असलेल्या अशा रुग्णांमध्येही नाडी मंदावणे, उभे राहिल्यावर रक्तदाब कोसळणे आणि क्षार घटणे हे धोके कृश रुग्णांइतकेच ठळकपणे आढळले. सध्याचे वजन किती आहे, यापेक्षा ते किती आणि किती वेगाने घटले, याचा संबंध मंद नाडीशी अधिक दिसून आला.

मुलांच्या बाबतीत तर संशयच घेतला जात नाही. मुलग्यांमध्ये हा आजार अनेकदा सडपातळ होण्याच्या नव्हे, तर पिळदार शरीराच्या ध्यासातून येतो. जेवणातील पदार्थ एकामागून एक वर्ज्य होतात, व्यायामाचे तास वाढतात, पावडरी आणि इंजेक्शने येतात. जिममध्ये अकस्मात कोसळणाऱ्या तरुणांच्या बातम्यांवर हळहळ व्यक्त होते. पण तो तरुण काय खात होता, काय टाळत होता, याची चौकशी क्वचितच होते.

अन्न सुरू केल्यावरचा धोका

या आजाराची सर्वांत विचित्र बाजू म्हणजे, उपचारांच्या पहिल्याच आठवड्यात अन्नच घातक ठरू शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या भुकेल्या कैद्यांना पोटभर खायला दिल्यावर त्यांच्यापैकी काहींचा मृत्यू झाला, ही नोंद इतिहासात आहे. दीर्घ उपासानंतर अन्न मिळाले की शरीरात इन्शुलिन वाढते आणि रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम वेगाने पेशींत ओढले जाते. आधीच रिकामे झालेले साठे कोसळतात. हृदयाला आकुंचनासाठी लागणारी ऊर्जा मिळत नाही, अंगावर सूज येते, लय बिघडते.

म्हणून दीर्घकाळ उपाशी असलेल्या मुलीला घरच्या घरी बळजबरीने भरविणे किंवा जवळच्या नर्सिंग होममध्ये नेऊन नुसते ग्लुकोजचे सलाइन लावणे, हे दोन्ही उपाय अंगलट येऊ शकतात. योग्य रुग्णालयात अन्न देताना रोज क्षारांची तपासणी होते, बी-१ जीवनसत्त्व दिले जाते आणि हृदयावर लक्ष ठेवले जाते. पूर्वी या भीतीपोटी अगदी थेंबाथेंबाने अन्न वाढविण्याची पद्धत होती. अमेरिकेतील एका चाचणीने काही वर्षांपूर्वी दाखवून दिले, की नीट देखरेख असेल तर किशोरवयीन रुग्णांना सुरुवातीपासून अधिक अन्न देता येते आणि ते लवकर धोक्याबाहेर येतात. थोडक्यात, अन्न हेच औषध आहे. पण ते देणाऱ्याला त्याची मात्रा कळली पाहिजे.

यातील दिलासा देणारी गोष्ट अशी, की वेळेत उपचार झाले तर हृदय बहुतांशी पूर्ववत होते. पुरेसे अन्न सुरू झाल्यावर काही आठवड्यांत नाडी सुधारते, वजन भरून आल्यावर आकसलेला स्नायूही भरतो. हाडांचे झालेले नुकसान मात्र अनेकदा पूर्णपणे भरून निघत नाही. म्हणजे हृदयाच्या बाबतीत निसर्ग दुसरी संधी देतो. ती मिळेपर्यंत रुग्ण जिवंत राहिला पाहिजे, एवढीच अट आहे.

‘आपल्याकडे हे नसते’

हा पाश्चात्त्यांचा, सुखवस्तूंचा आजार आहे, अशी समजूत भारतीय वैद्यक क्षेत्रातही बराच काळ होती. ज्या देशात लाखो मुले अन्नावाचून कुपोषित आहेत, तेथे ताटातले अन्न नाकारून कुणी कुपोषित होईल, हे पटणे अवघड होते. तरीही १९८० च्या दशकापासून भारतीय मानसोपचारतज्ज्ञांनी अशा रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आहेत. १९९५ मध्ये दिल्लीतील डॉक्टरांनी वर्णन केलेल्या पाच रुग्णांत अन्न नाकारणे आणि कृश होणे होते, पण ‘मी जाड आहे’ ही पाश्चात्त्य रुग्णांत दिसणारी धारणा तशी नव्हती. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या २००७ मधील अहवालात, खाण्याच्या विकारांच्या बालरुग्णांत मानसिक कारणाने होणाऱ्या उलट्यांचेच प्रमाण अधिक दिसले होते.

याचा अर्थ आजार नाही असा नसून, तो वेगळ्या भाषेत बोलतो असा आहे. आपल्याकडची मुलगी ‘मला बारीक व्हायचे आहे’ असे म्हणण्याऐवजी ‘पोट फुगते’, ‘मळमळते’, ‘इच्छाच होत नाही’, ‘आज उपास आहे’ असे म्हणते. मग पोटाच्या तपासण्या होतात, जंताचे औषध दिले जाते, नजर उतरविली जाते, आणि महिने निघून जातात. उपासाची परंपरा असलेल्या समाजात खाणे टाळणे झाकणेही सोपे असते. संकष्टी, एकादशी, नवरात्र यांच्या जोडीला ‘डिटॉक्स’ आणि सोळा तासांचे उपवास आले आहेत. फरक ओळखण्याची खूण एकच. एकादशीचा उपास द्वादशीला सुटतो. या आजारातला उपास सुटत नाही, आणि सोडण्याची वेळ आली की मुलीच्या चेहऱ्यावर आनंदाऐवजी भीती दिसते.

त्यातच पडद्याचा प्रभाव. फिजीच्या एका भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी पोहोचली. त्या वर्षी तेथील शाळकरी मुलींमध्ये वजन कमी करण्यासाठी उलटी काढण्याचा प्रकार आढळला नव्हता. १९९८ मध्ये अकरा टक्क्यांहून अधिक मुलींनी तो केल्याचे सांगितले. तेव्हा पडदा दिवाणखान्यात होता, आता तो प्रत्येकाच्या हातात आहे आणि एकदा पाहिलेल्या चित्रफितीसारख्या शंभर चित्रफिती स्वतःहून पुढे करतो. इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीच्या अंतर्गत सादरीकरणातच, दर तीन किशोरवयीन मुलींपैकी एकीच्या बाबतीत शरीराविषयीची असमाधानाची भावना या माध्यमामुळे वाढते, असे नमूद होते. ही कागदपत्रे २०२१ मध्ये उघड झाली. करोनाच्या काळात शाळा बंद असताना अनेक देशांतील रुग्णालयांत खाण्याच्या विकाराने दाखल होणाऱ्या किशोरवयीनांची संख्या वाढली. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाती ठेवण्यास मनाई केली, तेव्हा त्यामागील चर्चेत हाही मुद्दा होता. पडदा हे एकमेव कारण नव्हे. आनुवंशिकता, परिपूर्णतेचा ध्यास, घरातील ताण, वजनावरून होणारी थट्टा यांचाही वाटा असतो. पण पेटलेल्या वणव्याला वारा घालण्याचे काम तो निश्चित करतो.

कायदा आहे, खाट कुठे आहे?

कागदावर भारतातील स्थिती वाईट नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विम्याचे संरक्षण देणे बंधनकारक केले. विमा नियामकानेही सर्व कंपन्यांना ऑक्टोबर २०२२ अखेरपर्यंत त्याची पूर्तता करण्यास सांगितले. मानसोपचार संस्थेत दाखल झालेल्या अल्पवयीन रुग्णाला प्रौढांपासून वेगळे ठेवावे आणि पालक किंवा सोबती पूर्ण काळ त्याच्याजवळ असावा, असेही हा कायदा सांगतो. किशोरवयीनांसाठी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे. महाराष्ट्रात त्याअंतर्गत ‘मैत्री क्लिनिक’ चालतात. ‘टेलिमानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे.

अडचण आहे ती या दोन जगांच्या मध्ये पडणाऱ्या रुग्णाची. नाडी ४० आणि पोटॅशियम घटलेल्या सोळा वर्षांच्या मुलीला मानसोपचार विभाग ‘आधी शरीर स्थिर करा’ म्हणून परत पाठवितो. बालरोग विभाग वय जास्त म्हणून कचरतो. हृदयरोग विभागाला ‘हृदयात मूळ दोष नाही’ एवढेच दिसते, आणि सलाइन लावून, क्षार भरून काढून तिला तीन दिवसांत घरी सोडले जाते. मूळ आजार जागच्या जागी राहतो. इंग्लंडमध्ये हीच विभागणी जीवघेणी ठरते आहे, असे दिसल्यावर तेथील मानसोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने सर्व शाखांसाठी मिळून मार्गदर्शिका तयार केली. तिची २०२२ मधील आवृत्ती लाल, पिवळा व हिरवा अशा सिग्नलच्या रंगांत धोका मोजते, जेणेकरून आपत्कालीन विभागातील कनिष्ठ डॉक्टरलाही निर्णय घेता यावा. अमेरिकेतील किशोर आरोग्यतज्ज्ञांच्या संस्थेने तर रुग्णालयात दाखल करण्याचे निकष आकड्यांत दिले आहेत. नाडी दिवसा ५० च्या किंवा झोपेत ४५ च्या खाली, रक्तदाब ९०/४५ पेक्षा कमी, शरीराचे तापमान ३५.६ अंश सेल्सिअसच्या खाली, ईसीजीत बिघाड, अन्न पूर्णपणे नाकारणे. यांपैकी एक गोष्टही दाखल करण्यास पुरेशी ठरू शकते.

असा एखादा कागद आपल्या महापालिका रुग्णालयांच्या आणि मोठ्या खासगी रुग्णालयांच्या अपघात विभागातील भिंतीवर लावण्यास कोणताही नवा निधी लागणार नाही. शाळांच्या आरोग्य तपासणीत उंची आणि वजन लिहिले जाते. त्याच तक्त्यात नाडीचा एक रकाना वाढविणे आणि गेल्या वर्षीच्या वजनाशी तुलना करणे हेही तितकेच सोपे आहे. कमी वजनाइतकेच एका वर्षातील मोठ्या घसरणीकडेही लक्ष गेले पाहिजे. मोठ्या शहरांतील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत बालरोग, मानसोपचार, हृदयरोग आणि आहार या चार विभागांचे संयुक्त पथक आणि त्यासाठी मोजक्या खाटा राखून ठेवणे, ही पुढची पायरी होय. रुग्णांची नोंद ठेवली गेली, तरच या प्रश्नाचा आवाका कळेल.

घराची भूमिका

उपचारांच्या क्षेत्रात गेल्या चार दशकांत झालेला मोठा बदल मात्र भारतीय कुटुंबांना जवळचा वाटावा असा आहे. एकेकाळी अशा मुलींना आईवडिलांपासून दूर ठेवण्याचा सल्ला दिला जाई. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात विकसित झालेल्या पद्धतीने हे उलटे केले. किशोरवयीन रुग्णाला जेवू घालण्याची जबाबदारी तात्पुरती पालकांनी घ्यायची, दोष कुणालाच द्यायचा नाही आणि वजन सावरल्यावर ती जबाबदारी हळूहळू मुलीकडे परत सोपवायची, हे तिचे सूत्र. किशोरवयातील अ‍ॅनोरेक्सियासाठी आज ही पद्धत अग्रक्रमाने सुचविली जाते. एकत्र बसून जेवण्याची रीत जेथे अजून टिकून आहे, तेथे हा उपचार परका नाही. फक्त त्याला तज्ज्ञांची साथ हवी आणि ‘लोक काय म्हणतील’ याचे ओझे बाजूला ठेवायला हवे.

ताटाभोवतीचे भांडण हे आजाराचे शेवटचे दृश्य असते. त्याच्या खुणा बऱ्याच आधी दिसू लागतात. सैल कपडे, सर्वांसोबत जेवण्यास टाळाटाळ, जेवण होताच न्हाणीघरात जाणे, उन्हातही थंडी वाजणे, थांबलेली पाळी, जिना चढताना येणारी चक्कर, शाळेच्या प्रार्थनेत उभ्या उभ्या येणारी घेरी. यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या, तर रागावण्याआधी, समजावण्याआधी आणि नवस बोलण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन नाडी, रक्तदाब, ईसीजी व क्षारांची तपासणी करून घेणे हे पालकांचे पहिले काम आहे. मुलगी त्या वेळी ‘मला काहीही झालेले नाही’ असेच सांगेल. हा आजार रुग्णाला स्वतःच्या दुबळेपणाची जाणीव होऊ देत नाही. मनगटावर मोजलेले ठोके मात्र खरी अवस्था सांगतात, आणि ते मोजायला मिनिटभराचाच वेळ लागतो.